कोरेगाव पार्कात पहिल्यांदा फ्रेंच जेवायला जाताना

आपल्या ताटात पदार्थाचा क्रम जागेवरून ठरतो. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, मधे वरणभात. सगळं एकदम समोर असतं आणि जेवणारा हवा तिथे हात घालतो. फ्रेंच जेवणात क्रम वेळेवरून ठरतो. एक पदार्थ येतो, तो संपला की ताटली उचलतात, मग पुढचा येतो. फ्रान्समध्येही पूर्वी मोठ्या घरांतून बरेच पदार्थ एकदमच टेबलावर मांडत. एकेक करून वाढण्याची रीत तिथे एकोणिसाव्या शतकात रशियाकडून आली आणि मग पक्की झाली. पुण्यातून नव्याने जाणाऱ्याचा गोंधळ बहुतेक वेळा या एका फरकातून होतो. पैसे वाया जातात तेही चवीपेक्षा जास्त यामुळेच.

आधी कुठल्या प्रकारच्या ठिकाणी जायचं ते ठरवा

कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बोट क्लब रोड या पट्ट्यात रेस्तराँ उघडतात, बंद होतात, शेफ बदलतात. त्यामुळे नावांची यादी सहा महिन्यांत शिळी होते. प्रकार मात्र बदलत नाहीत, आणि पाटीवरच्या शब्दावरून ते कळतात. पातिसरी म्हणजे गोड बेकरी: टार्ट, एक्लेअर, माकारों. बुलांजरी म्हणजे पावाची भट्टी. बिस्ट्रो म्हणजे छोटं, घरगुती वळणाचं जेवणघर. ब्रासरी मोठी, दिवसभर चालणारी. या शब्दाचा मूळ अर्थ बिअर गाळण्याची जागा. फाइन डाइनमध्ये पाच-सात कोर्सचा ठरलेला बेत असतो आणि तीन तास जातात.

पहिली खेप पातिसरीत काढा, तीही सकाळी नऊ-दहाच्या सुमारास. खर्च कमी, दडपण नाही, आणि भट्टी कशी आहे ते लगेच समजतं. एक साधा क्रोसाँ घ्या, चॉकलेट किंवा बदाम भरलेला नको, आणि मधोमध कापा. आत मधाच्या पोळ्यासारखी मोठी मोकळी घरं दिसली तर पीठ आणि लोणी नीट लाटलं आहे. आत पावासारखा घट्ट गर दिसला तर लाटताना लोणी वितळून पिठात मुरलं आहे. क्रोसाँच्या पिठाला सहसा तीन तिहेरी घड्या घालतात, म्हणजे लोण्याचे २७ थर होतात. ते वेगळे राहिले तरच वाफेने फुलतात. पुण्यात एप्रिल-मेच्या उकाड्यात थर सांभाळणं अवघड जातं. पावसाळ्यात अडचण वेगळी: सकाळचा कुरकुरीत क्रोसाँ हवेतली ओल शोषून दुपारपर्यंत मऊ पडतो. खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर बसला तर मार्जरीन वापरलं आहे असं समजा. लोणी तोंडातल्या उबेने वितळतं, मार्जरीन तितकं सहज वितळत नाही. गरम करून हवा असेल तर ओव्हनमध्ये गरम करायला सांगा. मायक्रोवेव्हमध्ये तो चामट होतो.

बेकरी पसंत पडली की बिस्ट्रोकडे वळा. तिथलं मेन्यूकार्ड आधी इंटरनेटवर पाहून घ्या. चांगल्या बिस्ट्रोचं कार्ड छोटं असतं. त्याच पानावर पिझ्झा, रिसोत्तो, सुशी आणि थाय करी असेल तर जेवण चांगलं असेलही, पण ते फ्रेंच स्वयंपाकघर नव्हे. सॉस आणि स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून काढलेलं पाणी) रोज ताजे करणाऱ्या जागेला एवढा पसारा झेपत नाही.

फोन करा, नुसतं ॲपवर बुकिंग करू नका

ॲप टेबल देतं, स्वयंपाकघराशी बोलत नाही. आदल्या दिवशी, दुपारी तीन ते सहाच्या मधे फोन करा. त्या वेळी गर्दी नसते आणि शेफ जागेवर असतो. नेमकं असं बोला: "शनिवारी रात्री आठला चौघांचं टेबल हवंय. आमच्यातल्या आजी शुद्ध शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही. एकाला दारू घातलेलं काहीच नको. काय काय देता येईल ते किचनला विचारून सांगाल का?" याच फोनवर शेवटची ऑर्डर किती वाजता घेतात, त्या दिवशी फक्त ठरलेला मेन्यू आहे का आणि सर्व्हिस चार्ज लावतात का हेही विचारून टाका. ३१ डिसेंबर आणि १४ फेब्रुवारीला बऱ्याच ठिकाणी ठरलेलाच मेन्यू असतो, आगाऊ रक्कमही मागतात. ओळख करून घ्यायला ते दिवस टाळा. मंगळवार-बुधवारची दुपार सगळ्यात चांगली: वाढणाऱ्यांना समजावून सांगायला वेळ असतो.

कोथरूड-डेक्कनकडून येणाऱ्यांनी गाडीचा हट्ट धरू नये. कोरेगाव पार्कातल्या क्रमांकाच्या गल्ल्या अरुंद, वडाच्या झाडांच्या आणि शनिवारी रात्री भरलेल्या. वनाज-रामवाडी मेट्रोने बंड गार्डनला उतरून रिक्षा केली की काम होतं. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र आधी पाहून ठेवा, कारण फ्रेंच जेवण ठरल्या वेळेत संपत नाही. पत्ता घेताना गल्लीचा क्रमांक आणि नॉर्थ मेन रोडकडून वळायचं की साउथ मेन रोडकडून, हे विचारून घ्या. कपडे नीटनेटके असले की पुरे.

मेन्यूकार्ड वाचायची युक्ती

रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंचचा वर्षभराचा कोर्स केलेला माणूसही मेन्यूकार्डापुढे अडखळतो, कारण ही भाषा स्वयंपाकघराची आहे. पण तिचं व्याकरण आपल्याला परकं नाही. आपण "कोल्हापुरी" म्हटलं की तांबडा रस्सा आणि तिखट डोळ्यांपुढे येतं, "मालवणी" म्हटलं की खोबरं आणि कोकम. तिथेही तसंच आहे.

प्रोव्हान्साल लिहिलं असेल तर टोमॅटो, लसूण, ऑलिव्ह तेल आणि सुकवलेला सुगंधी पाला. नॉर्मांद म्हणजे क्रीम, आणि बरेचदा सफरचंद किंवा सफरचंदाची दारू. बूर्गिन्योन म्हणजे लाल वाइनमध्ये हळू शिजवलेलं, त्यात मशरूम, छोटे कांदे आणि डुकराच्या मांसाचे तुकडे. लिओनेज म्हणजे परतलेला कांदा. फ्लोरांतीन म्हणजे पालक. फोरेस्तिएर म्हणजे मशरूम. पार्मांतिए म्हणजे बटाटा. म्युनिएर म्हणजे मासा पिठात घोळवून लोण्यात तळलेला, वर लिंबू. कोंफी म्हणजे चरबीत मंद आचेवर तासन् तास शिजवलेलं. बदकाची कोंफी बदकाच्याच चरबीत होते. ग्रातँ म्हणजे वरून भाजून खरपूस साय धरलेलं. एवढे दहा शब्द पाठ झाले तर निम्मं कार्ड वाचता येतं.

दोन शब्द हमखास फसवतात. पहिला "आँत्रे". फ्रान्समध्ये आँत्रे म्हणजे सुरुवातीचा पदार्थ, अमेरिकेत तोच शब्द मुख्य पदार्थासाठी वापरतात. पुण्यातली कार्डं दोन्ही प्रकारची असतात. ओळखायला किंमत पाहा, आणि खाली "प्ला" (म्हणजे मुख्य पदार्थ) असा वेगळा विभाग आहे का ते पाहा. असेल तर आँत्रे म्हणजे स्टार्टर. दुसरा शब्द "मेन्यू" हाच. फ्रेंचमध्ये त्याचा एक अर्थ ठरलेल्या किमतीतला ठरलेला बेत असा आहे. सुटे पदार्थ निवडायचे तर ते "आ ला कार्त". दुपारी दोन किंवा तीन कोर्सचा ठरलेला बेत मिळत असेल तर नव्याने जाणाऱ्याने तोच घ्यावा: किमतीला परवडतो आणि क्रम कुणीतरी विचार करून लावलेला असतो. "द्यु जूर" म्हणजे आजचा. आजचं सूप कोणतं ते वाढणाऱ्याला विचारायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कार्डावर ते छापलेलंच नसतं.

शाकाहारी, अंडं न खाणारे, दारू वर्ज्य असणारे: इथे सगळ्यात जास्त काळजी घ्या

फ्रेंच स्वयंपाकात मांस दिसत नाही तिथेही असतं. वाढणारा "व्हेज आहे" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ बरेचदा "मांसाचा तुकडा नाही" एवढाच असतो. तो खोटं बोलत नाही, त्याला विचारलेलं तेवढंच असतं. म्हणून "व्हेज आहे का?" हा प्रश्न सोडा आणि पुढचे प्रश्न एकेक करून विचारा.

स्टॉक कशाचा? कांद्याचं सूप हे नावावरून शाकाहारी वाटणारं सगळ्यात मोठं फसवं उदाहरण. परंपरेने ते बीफच्या हाडांच्या स्टॉकमध्ये करतात. इथे चिकनचा किंवा भाज्यांचाही वापरतात. बटाटा आणि लीकचं (कांद्याच्या जातीची जाड पात) थंड सूप, व्हिशिस्वाझ, त्यातही चिकन स्टॉक असू शकतो. जेलाटिन आहे का? ते प्राण्यांची हाडं-कातडी उकळून काढतात आणि मूस आणि बाव्हारवा हे क्रीमचे थंड गोड पदार्थ, केकवरची आरशासारखी चकाकी यांत घालतात. अगार अगार किंवा पेक्टिन वापरलं असेल तर चालेल. मासे लपलेत का? निस्वाज सॅलडमध्ये आणि काळ्या ऑलिव्हच्या तापनाद चटणीत अँकोव्ही नावाचे छोटे खारवलेले मासे असतात. कीश म्हणजे अंडं आणि क्रीम भरलेला खारा टार्ट; कीश लोरेनमध्ये डुकराचं मांस असतं. लीकची किंवा पालकाची कीश मागा, पण अंडं तिच्यातही असणारच. तळणीचं तेल वेगळं आहे का हेही विचारा, नाहीतर फ्राइज आणि मासे एकाच कढईतून निघतात.

चीजचा मुद्दा वेगळाच. ग्रुयेर, कोंते यांसारखी पारंपरिक चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने दूध फाडून करतात. भारतात होणारी बरीचशी चीज सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटची असतात. ज्यांना हे महत्त्वाचं वाटतं त्यांनी कुठलं चीज आणि कुणाचं, हे विचारून वेष्टनावरचा हिरवा ठिपका दाखवायला सांगावं. चांगलं स्वयंपाकघर दाखवतं.

दारूबद्दल एक पक्का गैरसमज आहे: शिजवलं की सगळी उडून जाते. तसं होत नाही. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यानुसार १५ मिनिटं मिसळून शिजवल्यावर सुमारे ४० टक्के मद्यार्क उरतो, तासाभराने २५ टक्के, अडीच तासांनंतर ५ टक्के. टेबलाशी ज्वाला काढून जाळतात, त्यात तर ७५ टक्के राहतो. म्हणून धर्माने, औषधांमुळे किंवा व्यसनमुक्तीमुळे वर्ज्य असणाऱ्यांनी कोको व्हाँ (वाइनमधलं चिकन), वाइनमधले शिंपले, क्रेप सुझेत (दारू घातलेलं पातळ गोड धिरडं) आणि रम बाबा (रममध्ये भिजवलेला केक) यांच्या वाट्याला जाऊ नये. सॉसमध्ये वाइन आहे का हेही विचारावं. बऱ्याच सॉसची सुरुवातच पातेल्याच्या तळाला लागलेलं वाइनने सोडवून घेऊन होते.

मग शाकाहाऱ्याने घ्यायचं काय? बरंच काही आहे. रातातुई: वांगं, झुकिनी, ढोबळी मिरची, टोमॅटो, कांदा, ऑलिव्ह तेलात. भाज्या वेगवेगळ्या परतून शेवटी एकत्र केल्या असतील तर प्रत्येकीची चव राखलेली असते. एकदम शिजवल्या असतील तर आपल्या घरच्या मिक्स भाजीसारखं पाणी सुटलेलं असतं. ग्रातँ दोफिन्वा: बटाट्याच्या पातळ चकत्या, क्रीम, लसूण. शास्त्राप्रमाणे यात चीज नसतं, पण बरेच जण घालतात. व्हिनेग्रेतमधली (तेल-व्हिनेगरमधली) लीक, हिरव्या मसुराचं सॅलड, बकरीच्या चीजचं गरम सॅलड.

आणि गालेत. ब्रिटनी प्रांतातला हा पदार्थ मराठी माणसाला लगेच आपला वाटेल, कारण तो जवळजवळ घावनच आहे. पीठ कुट्टूचं, म्हणजे बकव्हीटचं, त्यात पाणी आणि मीठ, तापल्या तव्यावर पातळ पसरवून कडेने जाळी पडेपर्यंत भाजायचं, आत सारण घालून चार बाजूंनी दुमडायचं. मुळात पिठात अंडं लागत नाही. काही जण घालतात, आणि सारणात तर अंडं फोडतातच, म्हणून सांगून ठेवा: "पिठातही नको, वरही नको." गोड क्रेपचं पीठ मात्र मैदा, दूध आणि अंड्याचं असतं. उपास असेल तर कुट्टू चालत असला तरी तोच तवा सगळ्याला वापरतात, हे लक्षात घ्या.

जैन जेवणाऱ्यांसाठी खरं सांगायचं तर फ्रेंच स्वयंपाकघर अवघड आहे. कांदा, गाजर आणि सेलरी परतूनच बहुतेक सॉसची सुरुवात होते आणि तो पाया सकाळीच तयार झालेला असतो. ऐनवेळी "कांदा-लसूण काढा" म्हणून काही निघत नाही. दोन दिवस आधी फोन करावा. नाही म्हणाले तर त्यांच्या प्रामाणिकपणाचा मान ठेवून पातिसरीवर समाधान मानावं, तिथेही अंड्याचं विचारून.

मांसाहाऱ्यांनी ध्यानात ठेवायच्या दोन-तीन गोष्टी

महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही आहे. कार्डावर "टेंडरलॉइन" किंवा "बफ" दिसतं ते म्हशीचं असतं. त्यात चरबी कमी, त्यामुळे स्टेक पूर्ण शिजवला की चिवट होतो. कितपत शिजवायचा ते विचारतात तेव्हा "सेन्याँ" म्हणजे आत लालसर, "आ प्वाँ" म्हणजे गुलाबी, "ब्याँ क्वी" म्हणजे पूर्ण. लाल रंग बघवत नसेल तर स्टेक मागूच नका, वाइनमध्ये तीन-चार तास शिजवलेला पदार्थ घ्या. तो पूर्ण शिजलेला आणि मऊ असतो. बदकाची छातीही आतून गुलाबीच वाढतात. कच्ची राहिली म्हणून परत पाठवू नका.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत ताज्या समुद्री मासळीचा आग्रह धरू नये. चिकन, मशरूम, अंडं हे पावसाळ्याचे सुरक्षित पर्याय. गरोदर बाया आणि वयस्कर मंडळींनी स्टेक तार्तार, घरचं मेयोनेझ आणि पारंपरिक चॉकलेट मूस टाळावं, कारण त्यांत मांस किंवा अंडं कच्चं असतं.

ऑर्डर द्यायची रीत

इथे पंगतीची सवय आड येते. चौघे मिळून सहा-सात पदार्थ एकदम सांगतात, वाढणाराही ते सोयीचं म्हणून एकदम आणतो, सूप गार होतं आणि सॉसवर साय धरते. लोणी घालून फेटलेले सॉस गार झाले की फुटतात. म्हणून ऑर्डर देताना स्पष्ट सांगा: "एकेक कोर्स आणा. आधीचा संपल्यावरच पुढचा."

वाटून खायचं असेल तर खुशाल वाटा. पण पदार्थ एका माणसाच्या मापाचा असतो आणि सॉस ताटलीत मांडलेला असतो, त्यामुळे तो चौघांत पुरत नाही. चौघांसाठी चांगली मांडणी अशी: दोन वेगळे स्टार्टर मधोमध, प्रत्येकाला स्वतःचा मुख्य पदार्थ, दोन गोड पदार्थ पुन्हा मधोमध. किचनला आधी सांगितलं तर स्टार्टर दोन ताटल्यांत विभागूनही देतात. सुफ्ले (फेटलेल्या अंड्याने फुगवलेला पदार्थ) हवं असेल तर ते सुरुवातीलाच सांगावं लागतं. भट्टीत २० ते २५ मिनिटं जातात.

बिस्ट्रोतल्या पहिल्या भेटीत शेफचा हात तपासायला कांद्याच्या सूपाइतकं चांगलं काही नाही, मांसाहार चालत असेल तर. कांदा मंद आचेवर पाऊण ते एक तास परतावा लागतो, तेव्हा त्याचा रंग गर्द तपकिरी आणि चव गोडसर-खमंग होते. घाई केली असेल तर साखर घालून रंग आणतात: सूप नुसतं गोड लागतं आणि कांदा दाताखाली करकरतो. अशा जागी बाकीच्या सॉसनाही वेळ दिला नसणार.

मीठ-मिरी आधी मागू नका. चाखा, मग मागा. तिखट कमी असणार हे धरूनच चला. दिजोंची मोहरी मात्र नाकात जाते, आपल्या फेसलेल्या मोहरीसारखी; ती बाजूला थोडी मागून घेतली की मिरचीची उणीव बरीचशी भरून निघते.

पाव जेवणभर असतो, सुरुवातीला संपवायचा नसतो. हाताने तोडायचा, सुरीने कापायचा नाही, आणि शेवटी ताटलीतला सॉस त्याने टिपून घ्यायचा. बिस्ट्रोत हे अगदी रीतीला धरून आहे, सॉस सोडून उठणं हे उलट पदार्थाचं नुकसान. फ्रान्समध्ये जेवणाबरोबरच्या पावाचे वेगळे पैसे लावत नाहीत. इथे लावू शकतात, विचारून घ्या. काटे-सुऱ्यांचं फार मनावर घेऊ नका: बाहेरून आत वापरत जायचं, मधे थांबलात तर ताटलीत एकमेकांपासून दूर ठेवायचे, संपलं की शेजारी-शेजारी. दोन्ही शेजारी ठेवलेत तर ताटली उचलली जाईल, एवढं मात्र खरं.

पाण्याचं आधी बोला. "साधं पाणी" म्हणा. काही न बोललात तर बाटली उघडली जाते. २०१७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलं-रेस्तराँना बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकता येईल असं म्हटलं आहे, त्यामुळे बिलावर वाद घालून उपयोग नाही.

वाइन, घेणाऱ्यांसाठी

बाटली ७५० मिलीलिटरची, पेला साधारण १५० चा, म्हणजे पाच पेले. दोघांत एक-एक पेलाच घ्यायचा असेल तर बाटली मागू नका. परदेशी वाइनवर आयात शुल्क आणि राज्याचे कर चढत गेलेले असतात. त्याच पैशांत नाशिकची किंवा अकलूजची चांगली वाइन येते. शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या मूळच्या फ्रेंच द्राक्षांच्या जाती नाशिककडे रुजल्या आहेत, आणि कीश, मासा, बकरीचं चीज यांच्याबरोबर शोभतात. पुणे जिल्ह्यातल्याच नारायणगावला १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्राने फेसाळ वाइन होत होती, हे आज फार थोड्यांना आठवतं.

लाल वाइन "रूम टेंपरेचरला" द्यायची म्हणतात, ती खोली युरोपातली. १६ ते १८ अंश म्हणायचं असतं. पुण्याच्या मे महिन्यात ३० अंशांची लाल वाइन नुसती मद्यार्काचा भपकारा देते. दहा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवायला सांगा. वाढणारा पेल्यात घोटभर ओतून थांबतो तेव्हा ती वाइन आवडली का असं तो विचारत नसतो, खराब झालेली नाही ना एवढंच. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बूच बाधलं आहे, बाटली बदलून मागा. नुसती आवडली नाही म्हणून बदलून मिळत नाही. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वय २५ पूर्ण लागतं, आणि २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ड्राय डेना काहीच मिळणार नाही.

गोड आणि कॉफी

चीज घेतलं तर ते गोडाच्या आधी येतं, मागाहून नाही. सौम्यापासून सुरू करून उग्राकडे जायचं. त्रिकोणी तुकड्याचं टोक कापून घेऊ नका, बाजूने लांबट काप घ्या. मधला मऊ भाग सगळ्यांच्या वाट्याला यावा म्हणून ही रीत.

क्रेम ब्रुले आलं की चमच्याने वरची साखर फोडा. टणक आवाज येऊन तडा गेला पाहिजे. वर ओलसर पाक सुटला असेल तर साखर आधीच जाळून फ्रीजमध्ये ठेवली होती. आतलं कस्टर्ड अंड्याच्या पिवळ्या बलकाने धरतं. एगलेस क्रेम ब्रुले चांगलं लागू शकतं, पण ते खिरीच्या जातीचं, त्याची तुलना करू नये. सुफ्ले टेबलावर येताच खा, कारण आतली गरम हवा आकसली की दोन-तीन मिनिटांत ते खाली बसतं. फोटो नंतर काढता येत नाही, हे खरं असलं तरी एकच काढा. कॉफी गोडाच्या नंतर येते. बरोबर हवी असेल तर तसं सांगावं लागतं.

बिल

स्वतंत्र रेस्तराँत जेवणावर ५ टक्के जीएसटी असतो. मोठ्या हॉटेलच्या आवारात, जिथे खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर असतं, तिथे १८ टक्के. मद्यावर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, म्हणून बिलात दोन वेगळे हिशेब दिसतात.

सर्व्हिस चार्ज हा कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो आपोआप बिलात लावण्याला मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. समजा जेवण ३,६०० रुपयांचं झालं. ५ टक्के जीएसटी १८०, एकूण ३,७८०. आता १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला तर ३६० वाढतात आणि जीएसटी त्यावरही बसतो: ३,९६० वर १९८, एकूण ४,१५८. फरक ३७८ रुपयांचा. नको असेल तर शांतपणे "हा काढून द्या" म्हणा; न काढल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. वाढणाऱ्याने मन लावून समजावलं असेल तर त्याला रोख बक्षिसी हातात द्या. ती त्याच्यापर्यंत नक्की पोचते.

उरलेलं बांधून मागायला संकोच करू नका, पण काय टिकतं ते पाहा. वाइनमधला रस्सा आणि रातातुई दुसऱ्या दिवशी जास्त मुरतात; मंद आचेवर गरम करा. ग्रातँ ओव्हनमध्ये पुन्हा खरपूस होतं. फ्राइज, सुफ्ले आणि ड्रेसिंग घातलेलं सॅलड तिथेच सोडा. माकारों घरी नेले तर हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा आणि खाण्याआधी वीस मिनिटं बाहेर काढा. पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर तासाभरात त्यांचं वरचं कवच ओलं होतं.